कयाकवरून मासेमारी आणि अंगावर टिकणारं लाइफ जॅकेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कालावलच्या खाडीत, देवबागच्या संगमाशी, नाहीतर सुट्टीच्या दिवशी भाटघर किंवा उजनी धरणाच्या पाण्यावर कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची एकट्यादुकट्याची अरुंद होडी, घेऊन गळ टाकणारे आता बरेच झाले आहेत. रॉड (गळाची काठी) कोणता, रील (दोरा गुंडाळायची फिरकी) कोणतं, तांबोशी माशाला कुठलं ल्यूर (खोटं आमिष), यावर तासन्‌तास बोलणं होतं. जॅकेटचा विषय मात्र "घे कुठलंही" म्हणून दोन मिनिटांत संपतो. म्हणून मला वरचेवर विचारले जाणारे प्रश्न इथे उत्तरांसकट लिहून ठेवतो आहे.

मला चांगलं पोहता येतं. शांत खाडीतच तर जातो. मग जॅकेट कशाला?

मीही विहिरीत उड्या मारत पोहायला शिकलेला माणूस. पहिल्या वर्षी माझं जॅकेट सीटच्या मागे इलॅस्टिकच्या दोरीत अडकवलेलं असायचं, कारण घातलं की ते मानेला काचायचं. एका नोव्हेंबरच्या सकाळी कांदळवनाच्या कडेला तांबोशी लागली. तांबोशी गळाला लागली की सरळ मुळांत घुसते, म्हणून तिला ओढून धरायला मी एका अंगाला झुकलो आणि कयाक उलटली. ओहोटी लागली होती. नाकातोंडात पाणी गेलेला मी वर आलो, तोवर कयाक चार हात पुढे वाहत गेलेली. ती गाठली, जॅकेट सोडवलं आणि पाण्यातच अंगात घालायला लागलो. जमलंच नाही. फोमचं जॅकेट पाण्यावर सपाट तरंगतं. एक हात आत घातला की दुसरी बाजू पाठीमागे फिरते, आणि ती शोधायला हात मागे नेला की तोंड पाण्याखाली जातं. शेवटी पाय टेकले ते कालवं लागलेल्या खडकावर. तळव्यावरचा व्रण अजून आहे.

बंदरावर जाळं सांधत बसलेल्या म्हाताऱ्या तांडेलांनी माझा पाय बघितला, माझ्या हातातलं जॅकेट बघितलं आणि म्हणाले, "आंगात घालूचा नाय तर ह्या इकत घेतलंस कित्याक?"

अमेरिकेचं तटरक्षक दल तिथल्या बोटींच्या अपघातांचा अहवाल दरवर्षी काढतं. बुडून मेलेल्यांपैकी पाचांतल्या चौघांहून अधिक जणांच्या अंगात जॅकेट नव्हतं, हेच त्यात वर्षानुवर्षं दिसतं. जॅकेट बोटीत असणं वेगळं आणि अंगात असणं वेगळं. म्हणून मी आरामाला एवढं महत्त्व देतो. जे टोचतं, उकडतं, हात अडवतं, ते अर्ध्या तासात अंगावरून उतरतं.

फेरीबोटीतलं जाड नारिंगी जॅकेट स्वस्तात मिळतं. ते का नको?

ते वेगळ्या कामासाठी बनवलेलं आहे. प्रवाशाने एका जागी बसायचं, बोट बुडाली तर पाण्यात तरंगत मदतीची वाट बघायची, एवढंच त्यात धरलेलं असतं. मोठ्या बोटींसाठी मंजूर झालेली अशी जॅकेटं बेशुद्ध माणसालाही उताणं करून त्याचं तोंड पाण्याबाहेर ठेवण्याच्या हिशेबाने बनवतात. त्यामुळे छातीवर आणि मानेमागे फोमच्या जाड विटाच असतात. त्या कामात ती उत्तम आहेत.

पण कयाकवर तुम्ही दिवसाला हजारो वेळा वल्हं मारता, रॉड मागे नेऊन फेकता, मासा जवळ आला की वाकून उचलता. छातीवरची वीट प्रत्येक वेळी दंडाला घासते. कयाकसाठीच्या जॅकेटला बगलेची भोकं खोल आणि मोठी असतात, खांद्याचे पट्टे अरुंद असतात आणि फोम तुकड्यातुकड्यांत शिवलेला असतो, म्हणून ते अंगाबरोबर वळतं. त्याची किंमतही मोजावी लागते. या हलक्या प्रकारातली बहुतेक जॅकेटं बेशुद्ध माणसाला उताणं करत नाहीत. म्हणून एकट्याने जाऊ नका, हे ओघाने आलंच.

५०, ७०, १०० न्यूटन हे आकडे कसले? मला किती लागेल?

जॅकेट तुम्हाला किती जोराने वर उचलून धरतं त्याचं हे माप आहे. ढोबळ हिशेब असा की १० न्यूटन म्हणजे एक किलोचा जोर. ५० न्यूटनचं जॅकेट सुमारे पाच किलो भार उचलून धरतं.

इथे लोक दचकतात. "माझं वजन ८० किलो, आणि पाच किलोत काय होणार?" पण पाण्यात आपलं वजन ८० किलो राहतच नाही. शरीराचा बराचसा भार पाणीच उचलतं. डोकं बाहेर ठेवायला मोठ्या माणसाला साधारण तीन ते साडेपाच किलोचा आधार जादा लागतो. सडपातळ, पिळदार शरीराचा माणूस लवकर बुडतो आणि अंगाने भरलेला माणूस बरा तरंगतो, कारण चरबी पाण्याहून हलकी असते. तेव्हा जॅकेटची ताकद निव्वळ वजनकाट्यावरून ठरवू नका.

युरोपीय पद्धतीच्या आयएसओ १२४०२ मानकात ५० न्यूटनचा वर्ग हा पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असेल अशा पाण्यासाठी आहे. १०० हा आडोशाच्या पाण्यासाठी, आणि १५० व २७५ हे खोल समुद्रासाठी. अमेरिकेतली कयाकची जॅकेटं साधारण ७० न्यूटनच्या आसपास असतात. माझं मत विचाराल तर खाडीत मासेमारीसाठी ७० च्या जवळपासचं घ्या. खिशांत कात्री, ल्यूर, चिमटे कोंबलेले असतात, त्या सगळ्याचा भार त्याच फोमवर पडतो. पोहता येत नसेल तर १०० च्या खाली येऊ नका आणि आधी पोहायला शिका.

धरणात आणि खाडीत काही फरक पडतो का?

पडतो, आणि बहुतेकांना तो उलटा वाटतो. धरणाचं पाणी संथ म्हणून लोक तिथेच जॅकेट काढून ठेवतात. पण खारं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. म्हणजे ७० किलोच्या माणसाला समुद्रात जो दीड-पावणेदोन किलोचा आधार फुकट मिळतो, तो धरणात मिळत नाही.

दुसरं, वळवाचा वारा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर आभाळ भरून येतं आणि दहा मिनिटांत पाणी उभं राहतं. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, एक जण पोहून बाहेर आला. मरळ लागते आहे म्हणून अशा दुपारी अजून थोडा वेळ थांबण्याचा मोह होतो, तेव्हा ही बातमी मला आठवते.

सीटवर बसलं की जॅकेट मागून वर सरकतं आणि कानाला लागतं. माप चुकलं का?

बहुतेक वेळा माप बरोबर असतं, घाट चुकलेला असतो. मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे.

मासेमारीच्या कयाकला पाठ टेकायची उंच खुर्ची असते. साध्या जॅकेटचा पाठीमागचा फोम कमरेपर्यंत उतरतो. तुम्ही टेकलात की खुर्ची तो फोम वर ढकलते, पुढची बाजू हनुवटीवर चढते आणि तुम्ही दिवसभर पट्टे खाली ओढत बसता. याला दोन उपाय आहेत. एकात पाठीवरचा फोम सगळा वर, खांद्याच्या फऱ्यांवर असतो आणि खाली निव्वळ जाळी असते. फोम खुर्चीच्या वरच्या काठाला जेमतेम टेकतो आणि जाळी खुर्चीला चिकटते. एनआरएस कंपनीचं चिनूक हे मासेमारीचं जॅकेट या घाटाचं ठळक उदाहरण. दुसऱ्यात पाठभर फोम असतो, पण अगदी पातळ. तुमच्या सीटची पाठ बुटकी असेल तर हा दुसरा प्रकार जास्त बरा वाटतो.

म्हणून विकत घेण्याआधी सीटची पाठ मोजा. टेपने सीटच्या बैठकीपासून पाठीच्या वरच्या काठापर्यंतची उंची घ्या. मग जॅकेट घालून घरच्या खुर्चीत बसा आणि फोम कुठे सुरू होतो ते कुणाला तरी मोजायला सांगा. पहिल्या घाटाचं घेत असाल तर फोम त्या उंचीच्या वर सुरू व्हायला हवा. एवढ्या साध्या गोष्टीने माझ्या दोन मित्रांचे पैसे वाचले आहेत.

माप कसं घ्यायचं?

मोठ्या माणसांच्या जॅकेटचं माप वजनावर नसतं, छातीच्या घेरावर असतं. काखेच्या जरा खाली, छातीच्या सगळ्यांत रुंद भागावर टेप फिरवा. पोट सुटलेलं असेल तर पोटाचा घेरही घ्या आणि दोन्हींत जो मोठा असेल त्यावर माप निवडा. पाण्यावर जे कपडे घालता तेच घालून मोजा.

घट्ट म्हणजे किती घट्ट?

आधी सगळे पट्टे सैल करा. चेन लावा. मग कमरेचा पट्टा आवळा, त्यानंतर बाजूचे आणि सगळ्यांत शेवटी खांद्याचे. लोक खांद्यापासून सुरुवात करतात, तिथेच चुकतं. जॅकेट बरगड्यांना धरून बसायला हवं, खांद्यावर लटकायला नको.

आता कुणाला तरी मागे उभं करून खांद्याचे पट्टे सरळ वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीला किंवा कानाला टेकलं तर ते सैल आहे किंवा मोठं आहे. पाण्यात पडल्यावर हेच होणार. तुम्ही खाली, जॅकेट वर. उलट, पट्टे आवळल्यावर पोटभर श्वास घेता आला नाही तर लहान आहे. मग खाली बसा, वल्हं मारल्यासारखे हात फिरवा, रॉड फेकल्यासारखा हात मागे न्या. काखेत काही घासलं तर दुकानातच नाही म्हणा. दुकानात जे जरासं घासतं, ते चार तासांनी घामात आणि मिठाच्या पाण्यात सालटं काढतं.

कोकणातल्या उकाड्यात हे अंगावर ठेवायचं कसं?

अंगात काहीही असलं तरी मार्चनंतर दहा वाजता घामाच्या धारा लागणारच. काही गोष्टींनी मात्र सुसह्य होतं. खालच्या अर्ध्या पाठीवर जाळी असलेलं जॅकेट वारा आत घेतं. आत सुती बनियन नको. ते भिजलं की वाळत नाही आणि शिवणीखाली चोळलं जातं. लांब बाह्यांचा, लवकर वाळणारा, अंगाला धरून बसणारा टीशर्ट घाला. त्याने मानेला आणि काखेला घासणं जवळजवळ थांबतं. काळं जॅकेट टाळा.

आणि साधा उपाय म्हणजे दर अर्ध्या तासाने तांब्याभर पाणी जॅकेटवर ओता. फोम पाणी शोषत नाही, वरचं कापड ओलं राहतं आणि वाऱ्याने गार पडतं. एवढं करूनही सहन होत नसेल तर उन्हं चढायच्या आत परत फिरा. खाडीत मासेही सकाळीच बरे लागतात.

गॅसने फुगणारं पातळ जॅकेट घेतलं तर उकाड्याचा प्रश्नच मिटेल ना?

मिटेल, पण दुसरे उभे राहतील. यात कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी असते. दोरी ओढली की, किंवा आपोआप चालणाऱ्या प्रकारात पाणी लागलं की, आतली पिशवी फुगते. अंगावर नुसता पट्टा घातल्यासारखं वाटतं, हात मोकळे राहतात.

आता कयाकवर काय होतं ते बघा. वल्ह्याचं पाणी सतत अंगावर उडतं. आपोआप फुगणाऱ्या बऱ्याच जॅकेटांत पाण्यात विरघळणारी गोळी असते. आपल्याकडच्या दमट हवेत ती नुसती पडून राहूनही खराब होते आणि जॅकेट भलत्या वेळी फुगतं. हाताने ओढायचं घेतलं तर डोक्याला मार लागला असताना दोरी कोण ओढणार? शिवाय आपल्या आजूबाजूला गळ, तीन टोकांची ल्यूर, शिंगाळा माशाचे काटे आणि कालवं असतात. पिशवीला एक भोक पडलं की संपलं. एकदा फुगलं की नवं नळकांडं घालावं लागतं, आणि ते गावात मिळत नाही. अमेरिकेत बहुतेक फुगणारी जॅकेटं १६ वर्षांखालच्या मुलांसाठी मंजूरही नाहीत.

संथ जलाशय, उत्तम पोहणारा माणूस, सोबत दुसरी कयाक, आणि निघण्याआधी प्रत्येक वेळी नळकांडं तपासायची सवय, एवढं असेल तर जरूर घ्या. खाडीच्या मुखाशी, जिथे ओहोटीचं बाहेर जाणारं पाणी आणि समुद्राची आत येणारी लाट समोरासमोर येतात, तिथे मी फोमशिवाय जाणार नाही.

खिसे किती असावेत?

लागतील तेवढेच. चिमटा, दोरा कापायची कात्री, एक लहान ल्यूरची डबी आणि पाणी न जाणाऱ्या पिशवीतला फोन, इतकं मावलं की पुरे. फोन अंगावरच हवा. कयाकच्या डबीतला फोन कयाकबरोबर वाहून जातो.

खिसे छातीवर फार फुगीर असले तर परत कयाकवर चढताना कठड्याला अडकतात. चिमटा आखडणाऱ्या दोरीला लावा. पण रॉडची दोरी जॅकेटला कधीही बांधू नका. रॉड मुळांत अडकला तर तुम्हीही अडकाल. शिट्टी खांद्याच्या पट्ट्याला हवी, तोंड वळवून दातांत धरता येईल इतक्या उंचीवर. नांगराची दोरी आणि गळाचा वेणीचा दोरा कापता येईल असा बोथट टोकाचा लहान चाकू, एका हाताने निघेल असा, छातीवर ठेवा. वेणीचा दोरा हाताने तुटत नाही, बोट मात्र कापतं.

मासे रंगाला घाबरतात म्हणून हिरवट किंवा मातकट रंगाचं घेऊ का?

नको. माशाला तुमची सावली आणि कयाकवरचा खडखडाट आधी कळतो. तुम्हाला दिसायचं आहे ते पहाटेच्या धुक्यात परतणाऱ्या ट्रॉलरला आणि पर्यटकांना घेऊन धावणाऱ्या स्पीडबोटींना. कयाकवर बसलेला माणूस पाण्यापासून जेमतेम हातभर उंच असतो. पिवळा, नारिंगी, पोपटी यांपैकी काहीही घ्या, आणि उजेड पडला की चमकणारी पट्टी खांद्यावर असू द्या.

स्त्रियांसाठी वेगळं घ्यावं का?

छातीवर सपाट फोमची पाटी असलेलं जॅकेट बऱ्याच जणींना दाबतं, किंवा त्या जागेमुळे बाजूने उघडं राहतं आणि वर चढतं. स्त्रियांच्या घाटात फोमचे तुकडे वाकवून किंवा दोन भागांत शिवलेले असतात आणि धडाची लांबी कमी असते. माझी बायको तीन वर्षं माझंच जुनं जॅकेट घालत होती आणि "मला कयाक आवडत नाही" म्हणायची. तिला तिच्या मापाचं आणून दिल्यावर कळलं की तिला जॅकेट आवडत नव्हतं.

मुलांना मोठ्यांचं लहान मापाचं चालेल का?

चालणार नाही. मुलांच्या जॅकेटचं माप वजनावर असतं, लेबलवर किलो लिहिलेले असतात. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठं घेऊ नका. दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा, मानेमागे धरून उचलायला पट्टा हवा. लहानग्यांसाठी मानेला आधार देणारंच घ्या.

पावसाळ्यात खाडीत गेलं तर?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. कयाकला इंजिन नाही म्हणून आपल्याला मोकळीक आहे, असा अर्थ काढू नका. नद्यांना पूर असतो, झाडांचे ओंडके वाहत येतात आणि मुखाशी पाणी ओळखीचं राहत नाही. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडून मगच होड्या लोटणारे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात जात नाहीत, तिथे कुठलंही जॅकेट पुरं पडत नाही.

अमेरिका-कॅनडात राहतो. काही वेगळं बघावं का?

तिथे कयाकवर माणशी एक जॅकेट असणं कायद्यानेच लागतं. आणि पाणी थंड. गार पाण्यात पडताक्षणी धाप लागते, हातांतली ताकद मिनिटांत जाते. ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा अंगभर पोशाख) घालत असाल तर माप त्याच्यावरून घ्या.

जुनं जॅकेट अजून चालेल का, हे कसं ओळखायचं?

पूर्वी जॅकेटांत बूच किंवा सावरीचा कापूस भरत. दाबला गेला, भिजला की तो निकामी व्हायचा. आताचा फोमही अमर नाही. वर्षानुवर्षं त्यावर बसलात, वजन ठेवलंत, गाडीच्या डिकीत उन्हाळाभर तापवलंत, तर तो चपटा होतो. बोटाने दाबा. खळगा पडून तसाच राहिला तर संशय घ्या. कापड चिमटीत धरून ओढा. उडालेल्या रंगाचं कापड फाटायला लागलं तर निकालात काढा.

खात्री करायची तर दुकानातलं पाच किलोचं लोखंडी माप आणा, जॅकेटला बांधा आणि टाकीत सोडा. लोखंड पाण्यात थोडं हलकं होतं, त्याचा भार साधारण सव्वाचार-साडेचार किलो राहतो. धडधाकट ५० न्यूटनचं जॅकेटही ते धरून तरंगतं. बुडालं तर ते जॅकेट कुणाला देऊन टाकू नका, पट्टे कापून फेका. पाण्याने भरलेल्या बाटल्या बांधून हे तपासता येत नाही. पाण्यात पाण्याला वजन नसतं.

निगा कशी राखायची?

प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, हँगरला टांगा. चेनीत मीठ बसलं की ती अडकते. वाळल्यावर दातांवरून मेणबत्ती फिरवा. बस.

जॅकेट घातलं की पाण्यातून परत कयाकवर चढता येत नाही. काय करू?

ही तक्रार खरी आहे, आणि बरेच जण याच कारणाने जॅकेट सोडतात. चूक बहुधा अशी होते की माणूस पाय खाली लोंबकळत ठेवून हातांच्या जोरावर वर यायला बघतो. मग छातीचा फोम कठड्याखाली अडकतो आणि पाय कयाकखाली ओढले जातात.

कयाकच्या मध्याशी जा. दोन्ही हात पलीकडच्या कडेला किंवा तिथल्या पट्ट्याला न्या. आता पाय पाण्याच्या वर आणून पोहताना मारतो तसे जोरात मारा, शरीर आडवं होऊ द्या, आणि त्याच झोकात पोट कयाकवर सरकवा. जॅकेट तुम्हाला वर धरतंच आहे, त्याचा फायदा घ्या. पोट आडवं पडलं की क्षणभर थांबा, श्वास घ्या, मग कुशीवर वळून ढुंगण सीटमध्ये आणा आणि शेवटी पाय आत घ्या. बसलात की लगेच उभं राहायला जाऊ नका.

हे पहिल्यांदा कमरेएवढ्या पाण्यात करा, तळाशी वाळू असेल तिथे, भरती चढत असताना, बरोबर कुणीतरी असताना. रॉड किनाऱ्यावर ठेवा. आणि खिशांत नेहमीचं सगळं सामान भरून करा. रिकाम्या जॅकेटने जे जमतं ते भरल्या खिशांनी जमेलच असं नाही. मला पहिल्या दिवशी सहा प्रयत्न लागले होते, आणि त्यातल्या चार वेळा डाव्या खिशातली ल्यूरची डबी आडवी आली होती. ती डबी आता सीटखाली असते.